राजाला किंमत नसते

तिसरीतल्या एका मुलीने वहीत बुद्धिबळाच्या मोहऱ्यांच्या किमतींच्या सहा ओळी लिहिल्या होत्या. प्यादं १, घोडा ३, उंट ३, हत्ती ५, वजीर ९. शेवटची ओळ, राजा ०. वर्ग घेणाऱ्या काकांनी त्या शून्याभोवती पेन्सिलीने गोल काढला, म्हणजे चूक. "राजाला किंमत नसते," असं दहा मिनिटांपूर्वी त्यांनीच सांगितलं होतं. मुलीने वही परत घेतली, गोलाकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "काका, किंमत नाही म्हणजे शून्यच ना?" नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीचं पार्किंग, डिसेंबरातली संध्याकाळ. फरशी इतकी गार की सतरंजीखाली फ्रिजच्या खोक्याचे पुठ्ठे पसरलेले. चार पट, आठ मुलं, निम्म्यांची नाकं वाहती. काका उत्तर द्यायला तोंड उघडतात तोच कुणाचा तरी घोडा टप्पे खात स्कूटरखाली गेला, तिघं त्याच्यामागे पालथे झोपले आणि प्रश्न तिथेच राहिला.

तो प्रश्न नंतर बराच काळ टोचत राहतो, कारण गोची मराठीनेच करून ठेवली आहे. "त्याला घरात काही किंमत नाही" असं ज्याच्याबद्दल म्हणतात, त्याला जेवायलाही शेवटी वाढतात. आणि आजीच्या नथीबद्दलही लोक म्हणतात, "तिची काय किंमत करणार!" दोन्हीकडे किंमत नाहीच. पटावरचा राजा नथीच्या बाजूचा, त्याच्यावर मात झाली की डावच संपतो. पण आठ वर्षांच्या मुलीने ऐकलेलं वाक्य पहिल्या प्रकारचं असेल, तर शून्य लिहिण्यात तिचं काय चुकलं?

ग्रँडमास्टर विदित गुजराथीचं गाव असल्यामुळे नाशकात बुद्धिबळाचे वर्ग शोधायला लांब जावं लागत नाही. २०२४ साली बुडापेस्टला ऑलिम्पियाडचं सोनं जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता, हे इथल्या पालकांना पाठ आहे. हा पार्किंगमधला वर्ग मात्र तसला नाही. इथे पहिले दोन महिने शह-मात कुणी शिकवतच नाही. मोहरे येतात ते बेरजेसाठी, वजाबाकीसाठी, सुट्ट्या पैशांसाठी. पट बऱ्याचदा गुंडाळलेलाच असतो. डबे घेऊन निघालेल्या आया थबकून बघतात आणि "आज खेळ नाही का?" विचारतात.

सुरुवात सुट्ट्या पैशांपासून केलेली बरी. पहिल्या दिवशी पिशवीतून फक्त प्यादी आणि घोडे काढायचे, बाकी सैन्य आत. तीन प्यादी म्हणजे एक घोडा, एवढंच सांगायचं. एक मूल दुकानदार, दुसरं गिऱ्हाईक. पेन्सिल पाच पॉइंटची. गिऱ्हाइकाकडे घोडेच असतील तर दोन घोडे द्यायचे आणि एक प्यादं परत मागायचं. खोडरबर चारचा, मग दोन प्यादी परत. दुकानदाराजवळ प्यादी आठच, त्यामुळे थोड्याच वेळात गल्ला रिकामा होतो आणि दुकानदार अगदी खऱ्या किराणावाल्याच्या थाटात म्हणतो, "सुट्टे नाहीत, चॉकलेट घे." नाशिकरोडला नोटा छापतात, त्यामुळे "मग छापखान्यातून आण" हे वाक्य यायचंच. खरं गणित या टंचाईत सुरू होतं. आता गिऱ्हाइकाला बरोबर पाच जुळवून द्यावे लागतात. एक घोडा आणि दोन प्यादी. मोजणीच्या मण्यांचा डबा समोर ठेवला तर मूल एकेक मणी मोजत बसतं, टंचाई नसते म्हणून कधी अडत नाही. प्यादी आठच असण्यात फार मोठी सोय आहे.

दुसऱ्या दिवशी हत्ती, तिसऱ्या दिवशी वजीर. उंट सगळ्यात शेवटी आणावा. घोडाही तीनचा आणि उंटही तीनचा, ही गोष्ट मोठ्यांना क्षुल्लक वाटते. मुलांना ती पचत नाही. तोंड वेगळं तर किंमत वेगळी असणार, असं त्यांना आतून वाटतं. उंट लवकर आणला की काही मुलं त्याला चार करून टाकतात, कारण चारची जागा रिकामी दिसते. घोड्याचं तीन पक्कं झाल्यावर उंट आला की गडबड कमी होते.

उंचीनेही घोटाळा होतो. स्पर्धेच्या मापाच्या संचात राजा पावणेचार इंचांचा आणि पटावरचं घर साधारण सव्वादोन इंचांचं. राजा सर्वांत उंच, मग वजीर, मग उंट, मग घोडा. हत्ती घोड्यापेक्षाही बुटका, आणि किंमत मात्र पाच! शाळेतले दशकाचे दांडे प्रामाणिक असतात, दहाचा दांडा एकाच्या दहापट लांब. मोहरे तसे प्रामाणिक नाहीत. त्यामुळे पहिलीतल्या, अजून बोटांवर मोजणाऱ्या मुलांना हे साहित्य देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ती मुलं डोकी मोजतात. हत्ती, वजीर आणि प्यादं समोर ठेवून "किती?" विचारलं तर "तीन" म्हणतात, आणि त्यांचं उत्तर चूकही नसतं. ज्या मुलाला दहाची नोट आणि रुपयाची दहा नाणी सारखीच आहेत हे पटलंय, त्याच्या हातात मोहरे द्यावेत. बहुतेकांचं ते दुसरीत होतं.

संच विकत आणताना एक तपासून घ्यावं. हल्ली बऱ्याच संचांत प्रत्येक रंगाचा एक वजीर जादा येतो, प्याद्याचा वजीर झाला तर लागतो म्हणून. तो तसाच पिशवीत राहिला की एका बाजूची बेरीज ३९ ऐवजी ४८ येते, आणि मास्तर मुलाच्या बेरजेत चूक शोधत बसतात. जादा वजीर वेगळ्या डबीत टाकावेत. चुंबकाचे प्रवासी संच या कामाला निरुपयोगी. बोटाच्या पेरात न मावणारं प्यादं उचलून मोजण्यात जी मजा आहे, ती त्यांत नाही.

दहा करण्याचा खेळ मुलांना सर्वांत आवडतो. एकाच रंगाचे मोहरे घेऊन दहा किती तऱ्हांनी जुळतात? वजीर आणि प्यादं. दोन हत्ती. हत्ती, घोडा, दोन प्यादी. हत्ती आणि पाच प्यादी. तीन घोडे-उंट आणि एक प्यादं, दोन आणि चार प्यादी, एक आणि सात प्यादी. झाल्या सात. आठवी तऱ्हा कुणीतरी ओरडून सांगतंच, "दहा प्यादी!" आणि मग स्वतःच मोजून गप्प होतं. आठच आहेत. कधी एखादं मूल हळूच समोरच्या काळ्यांतली दोन उचलतं. ती लबाडी आहे की नाही यावर पंधरा मिनिटं भांडण चालतं. ते थांबवू नये.

आता एकोणचाळीस. मराठीत हा आकडा उच्चारतानाच वजाबाकी होते. चाळिसाला एक उणा. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बालभारतीने "वीस एक", "साठ दोन" अशी वाचनाची पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. कुणाची बाजू घ्यायची ते ज्याचं त्याने ठरवावं; पांढरं सैन्य दोघांच्याही बाजूने उभं राहतं. वजीर बाजूला काढा. उरलेल्यांची बेरीज बरोबर तीस. म्हणजे तीस आणि नऊ, "तीस नऊ" डोळ्यांसमोर. वजीर परत ठेवा आणि काळ्याकडून एक प्यादं उसनं आणा. झाले चाळीस. ते प्यादं परत केलं की एकोणचाळीस. "एकोण" म्हणजे काय हे एरवी पाठ करावं लागतं. इथे प्यादं परत करताना हात जरासा रेंगाळतो, त्यातच ते कळतं.

एकोणचाळिसाच्या तीन सारख्या वाटण्या करायला सांगितल्या की मुलं आधी भागाकार करत नाहीत, ढीग करतात. तेच बरोबर आहे. वजीर, घोडा, प्यादं मिळून तेरा. दोन हत्ती आणि उंट मिळून तेरा. उरले दोन तीनवाले आणि सात प्यादी, तेही तेरा. पण या वाटणीत एका ढिगात तीन मोहरे आणि दुसऱ्यात नऊ, म्हणून कुणीतरी "अन्याय" म्हणतं. मग दुसरी अट घालायची, प्रत्येकाला मोहरेही पाच-पाचच मिळाले पाहिजेत. हे जुळायला वेळ लागतो. वजिराला चार प्यादी द्यायची. हत्तीला दोन तीनवाले आणि दोन प्यादी. दुसऱ्या हत्तीलाही तेच. तिन्ही ढीग पाच मोहऱ्यांचे, तिन्ही तेराचे. ज्याला हे पहिल्यांदा जमतं तो मोहऱ्यांना हातसुद्धा लावू देत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट लपलेली आहे, आणि ती सांगायची नाही, सापडू द्यायची.

एक, तीन, पाच, नऊ. सगळे विषम. म्हणून मूठभर मोहरे उचलले तर नुसती डोकी मोजून सांगता येतं की बेरीज सम येणार की विषम. सहा मोहरे असतील तर बेरीज सम. कोणते सहा, याने फरक पडत नाही. सात असतील तर विषम. बेरीज तपासायची ही फुकटची युक्ती आहे. पाच मोहऱ्यांची बेरीज कुणी अठरा सांगितली, तर पुन्हा मोजायच्या आधीच ती चूक म्हणून बाद करता येते. शून्य लिहिणाऱ्या मुलीला ही युक्ती सापडली ती तिसऱ्या आठवड्यात, तीही दुसऱ्याची चूक पकडण्याच्या खुमखुमीत. शेजारचा मुलगा बेरीज सांगायचा, ही मोहऱ्यांकडे एक नजर टाकून "चूक" म्हणायची. कसं कळतं ते दोन दिवस तिने कुणाला सांगितलं नाही.

चौथीतल्यांना गणिती कापरेकरांकडे न्यावं. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ एवढी वर्षं शिकवलेल्या द. रा. कापरेकरांचं ६१७४ नाशिकच्या मुलांना पुस्तकातून कळण्याआधी मोहऱ्यांतून कळावं. वजीर, हत्ती, घोडा, प्यादं असे उतरत्या क्रमाने मांडा, ९५३१. उलटे मांडा, १३५९. मोठ्यातून लहान वजा करा, ८१७२. आता या आकड्यांचं तेच. ८७२१ वजा १२७८, ७४४३. पुढे ३९९६, मग ६२६४, मग ४१७६, आणि सहाव्या वजाबाकीला ७६४१ वजा १४६७, म्हणजे ६१७४. त्याच्यापुढे कितीही वजाबाक्या करा, ६१७४च येतं. हातच्याच्या सहा वजाबाक्या करायला कुणी एरवी तयार होणार नाही. इथे कुठे पोचणार हे माहीत असल्यामुळे मध्येच चूक झाली तर मूल स्वतः मागे जाऊन शोधतं. चूक बहुधा ३९९६ च्या पायरीवर होते. दोन नऊ शेजारी आल्यामुळे ९९६३ ऐवजी ९६९३ लिहिलं जातं.

पट उघडला की गुणाकार. सात गुणिले आठ अडतं ना, मग एका बाजूची रांग वर्तमानपत्राने झाकायची. आता उरलेल्यांत पाच रांगांनंतर बोट ठेवायचं. वरती चाळीस, खाली सोळा. याहून जास्त बोलायची गरज नाही. मापासाठी सकाळची पुरवणी घ्यावी, मुख्य अंक फार मोठा पडतो आणि वाऱ्याने उडतो. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, मग दर घरात दुप्पट, ही राजाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, मी ती टाळतो. पहिली रांग संपताना एकूण २५५ दाणे होतात आणि दुसरी संपताना ६५,५३५. मधल्या कुठल्या तरी घरापाशी मुलं दाणे तोंडात टाकायला लागतात.

घोड्याची घरं मोजणं त्यापेक्षा किती तरी चांगलं. रिकाम्या पटावर कोपऱ्यातल्या घोड्याला जायला दोनच घरं, मध्यभागी आठ. प्रत्येक घरात तिथून घोड्याला किती वाटा आहेत तो आकडा खडूने लिहायचा. दोनवाली चार घरं, तीनवाली आठ, चारवाली वीस, सहावाली सोळा, आठवाली सोळा. एका कोपऱ्यातली सोळा घरं नीट लिहिली की बाकीचे तीन कोपरे तसेच येतात, हे लक्षात आलेलं मूल पाऊण तास वाचवतं. सगळ्यांची बेरीज ३३६. तोच हत्ती रिकाम्या पटावर कुठेही ठेवा, चौदाच. "मग हत्ती कंटाळवाणा आहे," एकाने निकाल दिला.

या पद्धतीचं कौतुक करताना एक टोचणीही आहे. पॉइंट शिकलेली मुलं खेळायला बसली की हावरी होतात. समोरच्याचा हत्ती खायला मिळाला की यांचा राजा उघडा पडलेला यांना दिसत नाही. डाव हरतात, आणि हरल्यावर बाजूला पडलेले मोहरे मोजून सांगतात, "पण मी बारा पॉइंटनी पुढे होतो!" बुद्धिबळाचे प्रशिक्षक यावर वैतागतात आणि त्यांचं बरोबर आहे. मोहऱ्यांच्या किमती हा अनुभवाने बसवलेला ढोबळ भाव आहे. काही जण उंटाला सव्वातीन धरतात; आजोबांच्या काळातली पावकी, म्हणजे पावाचा पाढा, येत असती तर दोन उंट साडेसहा हे तोंडावर आलं असतं. अडकून पडलेला उंट प्याद्याच्याही कामाचा नसतो आणि सातव्या घरात पोचलेलं प्यादं नुसतं प्यादं राहत नाही. भाव बाजारासारखा हलतो, लासलगावच्या कांद्यासारखा. हे मुलांना कधी सांगायचं? फार लवकर सांगितलं तर बेरीज डळमळते. उशिरा सांगितलं तर हाव मुरते.

आणि बुद्धिबळाने गणित सुधारतं, असं सरसकट म्हणणाऱ्यांपासून जपून राहावं. इंग्लंडमध्ये शंभर शाळांत नऊ-दहा वर्षांच्या मुलांवर मोठी चाचणी झाली, तीस तास बुद्धिबळ शिकवलं, वर्षभराने गणित तपासलं. २०१६ साली निष्कर्ष आला की गुणांत फरक दिसत नाही. मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. खेळताना मूल शहाचा विचार करतं, बेरीज करत नाही. बेरीज हवी असेल तर बेरीजच द्यावी लागते. मोहरे त्यासाठी चांगलं साहित्य आहेत, चिंचोके किंवा काड्यांपेक्षा थोडे जास्त खट्याळ, एवढाच माझा दावा.

त्या मुलीची युक्ती शेवटी सगळ्यांना कळली, आणि कळली त्याच दिवशी फसली. एकाने पांढरं सगळं सैन्य समोर ओतलं. "सोळा मोहरे. सम. मग बेरीज सम पाहिजे. पण एकोणचाळीस आहे." ती गप्प. सतरंजीवर सगळे तिच्याकडे बघत होते. तिने मोहरे ओळीने मांडले, एकेकावर बोट ठेवत गेली. एक, तीन, पाच, नऊ, सगळे विषम. बोट राजावर आलं आणि थांबलं. मग ती म्हणाली, "हा विषम नाही. हा शून्य आहे. शून्य सम असतं." राजा उचलून तिने मांडीवर ठेवला. पंधरा मोहरे, एकोणचाळीस. काकांनी काहीच म्हटलं नाही. शून्य सम की विषम यावर मोठी माणसंही अडखळतात.

त्याच संध्याकाळी पिशवी भरताना रोजच्यासारखी मोजणी झाली. दोन्ही बाजू मिळून अठ्ठ्याहत्तर, बरोबर. गाठ मारली, दिवे बंद केले. दुसऱ्या दिवशी पट मांडताना पांढरा राजा नाही. पुन्हा बेरीज केली. अठ्ठ्याहत्तर. पुन्हा बरोबर! मुलांनी मोबाइलच्या उजेडात पार्किंग पालथं घातलं. राजा एका अॅक्टिव्हाच्या स्टँडला टेकून पडला होता, डोक्यावरचा क्रूस मोडलेला. मांडीवर ठेवला होता, उठताना घरंगळला असणार. कुणीतरी घरातून फेविक्विक आणलं. काकांनी क्रूस जरा वाकडाच बसवला.

आता पिशवीवर मार्करने दोन आकडे लिहिलेले आहेत. वरती ३२, खाली ७८. अक्षर तिचं आहे.